रेडिमेडच्या दुकानातला टेप

या अंकाचे संपादक आमच्या दुकानात आले ते खरं तर मोजे घ्यायला. मोजे पिशवीत टाकले आणि माझ्या गळ्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, दुकान रेडिमेडचं. एस, एम, एल, एक्सेल सगळं कॉलरला लिहिलेलं. मग हा टेप कशाला?"

मी हसलो. या प्रश्नाला मी कायम हसतो.

"तुम्ही लिहा काहीतरी," ते म्हणाले. "गप्प माणसांकडे सांगण्यासारखं असतं."

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "गप्प? दिवसभर तिकडे बोलून येता. आमच्या वाट्याला उरलेलं येतं, आणि उरत काही नाही."

दोघांचंही बरोबर आहे. धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका कपड्याच्या दुकानात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य बोलण्यात गेलं. आणि जे एक वाक्य बोलायला हवं होतं ते गळ्यातल्या टेपखाली राहिलं. ते आज सांगतो. पण आधी धंदा सांगतो, नाहीतर कळणार नाही.

आमच्याकडे हिवाळा फार दिवस टिकत नाही, पण येतो तेव्हा दया दाखवत नाही. धुळ्याची थंडी पेपरात पहिल्या पानावर येते आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो, जसं काही आम्हीच ती पिकवतो. पूर्वी या थंडीला लोकरीचा स्वेटर, मफलर आणि कानटोपी पुरायची. मग एका वर्षी आमचे शेठ लुधियानाहून माल घेऊन आले आणि गठ्ठ्यातून एक मऊ, हलकं, झिपवालं काहीतरी काढून म्हणाले, "स्वेटर विसरा. आता फ्लीस."

फ्लीस म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. लोकरीचा त्याच्याशी संबंध नाही. मेंढीने हे कापड बघितलेलंही नसतं. हा प्लास्टिकचा धागा. पाण्याच्या बाटल्यांचं जे सख्खं भावंड, तेच. तो विणतात, मग ब्रशने खरवडून फुलवतात. त्या फुललेल्या केसांत हवा अडकते, आणि हवा अडकली की ऊब. वजनाला काही नाही, धुतलं की दोरीवर तासाभरात वाळतं, घडी घातली की उशी होते. लोकरीसारखं टोचत नाही. पोरं तक्रार करत नाहीत.

गिऱ्हाईक ते हातात घेतं आणि पहिली गोष्ट काय करतं? गालाला लावतं. शिक्षक असो, वकील असो, बाजार समितीतला हमाल असो. डोळे थोडे मिटतात. तिथेच माल विकला गेला. उरलेलं सगळं आम्ही फक्त मान राखायला बोलतो.

पण गालाने फ्लीस निवडू नये. निवडायचा तर असा. कापडाची दोन टोकं एकमेकांवर जोरात घासा. लगेच गोळे आले तर महिन्याभरात तुमची छाती साबुदाण्याची होईल. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडच्या हाताला वारा लागला तर मोटारसायकलवर तो पुलओव्हर नुसता शोभेचा, वरून जाकीट लागणारच. घातल्यावर दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली तर तो तुमचा नाही. झिप हनुवटीपर्यंत ओढा. टोचली तर ती रोज टोचणार. आणि काळा घेऊ नका. कपाशीच्या दिवसांत आपल्याकडे हवेतच रुई असते. जिनिंग मिलवरून नुसतं गेलं तरी काळा फ्लीस पांढरा होऊन घरी येतो.

हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगत असे. म्हणून माझं नाव होतं. "त्या टेपवाल्याकडे जा, तो खरं सांगतो," असं लोक म्हणत.

शेठनी दुकानात बोर्ड लावला. त्यावर निळ्या डोळ्यांचा एक तरुण बर्फाच्या डोंगरावर उभा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ट्रेकला, ऑफिसला, लग्नाला. एकच पुलओव्हर. एका म्हाताऱ्याने बोर्ड निरखून विचारलं, "हा लळिंगच्या किल्ल्यावर आहे का?" शेठ म्हणाले, "त्याच्या थोडं पुढे."

आमच्याकडे ट्रेक म्हणजे लळिंग. ऑफिस म्हणजे जिल्हा परिषद. आणि लग्नाला फ्लीस कोण घालणार, असं मला वाटलं होतं. पण त्याच हंगामात एका वरातीत नवरदेवाच्या शेरवानीच्या गळ्यातून झिप डोकावताना मी बघितली आणि शेठपुढे हात टेकले.

तक्रारी यायच्या. चाळीसगावचा एक तरुण पुलओव्हर काउंटरवर आपटून म्हणाला, "यात करंट आहे." कोरड्या थंडीत फ्लीस अंगातून काढताना चटचट आवाज होतो, अंधारात बारीक उजेडही दिसतो. त्याची आई घाबरून घराबाहेर पळाली होती. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गल्ल्यावरून शेठ म्हणाले, "करंट नाही भाऊ, त्याने रक्त फिरतं. आई संधिवाताची असेल तर तिलाही एक न्या." त्याने नेला. पुढच्या आठवड्यात मामासाठी अजून एक घेऊन गेला.

अशी ही दुकानदारी. आता टेपकडे येतो.

फ्लीस आला त्या पहिल्याच वर्षी शेठनी दिवाळीला मला एक दिला. राखाडी. दुकानात तोच घालून उभं राहायचं, म्हणजे जाहिरात चालती-बोलती. तो घालून मी सासुरवाडीला गेलो, चाळीसगावकडे, शेतात भरिताला. बाहेरच्यांसाठी सांगतो: खान्देशात भरीत ही भाजी नाही, तो कार्यक्रम असतो. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल, आणि सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. आणि भाजताना शेकोटीपासून कोणी हलायचं नाही, हा अलिखित नियम. कारण वांगं नेमकं कधी झालं हे फक्त आपल्यालाच कळतं, अशी प्रत्येक खान्देशी माणसाची खात्री असते.

कपाशीची काडी तडतडते. एक ठिणगी उडाली, माझ्या छातीवर बसली आणि विझली. लोकरीवर पडली असती तर थोडा वास आला असता, झटकली असती, संपलं. इथे भोक पडलं. कडा काळी, कडक, नखाने टोचावी तर टोचणारी. मग दुसरं. मग तिसरं. मी हात लावून बघितलं. कापड जळालं नव्हतं, वितळलं होतं. बोटाला गरम थेंब चिकटला, ओढून काढावा लागला.

परत आल्यावर मी काय केलं? शेठना सांगितलं? नाही. समोरच्या शिंप्याकडून, सलीमभाईंकडून, एक जुना टेप मागून घेतला आणि गळ्यात टाकला. दोन्ही टोकं बरोबर भोकांवर यायची. सलीमभाई म्हणाले, "क्या भाई, मेरा धंदा लोगे?" मी म्हणालो, "नाही, शोभेला."

त्या दिवसापासून गोळ्यांबद्दल, फुंकरीबद्दल, झिपबद्दल मी सगळं खरं सांगितलं. आगीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमच्या दुकानात विस्तवाचं नाव काढायचं नसतं, असा नियमच आहे, असं मी धरून चाललो. कपड्याच्या दुकानात आग कशाला आणायची बोलण्यात?

मागच्या वर्षी साक्रीचा बाजार आटोपून एक अक्का आल्या. पिंपळनेरच्या पुढचं गाव. हातात भाजीची पिशवी, डोक्यावरचा पदर घट्ट. बोर्डकडे बघितलं, वाचला, आणि म्हणाल्या, "एकच लेवानं शे. सकायले नाना शेतमा घालतीन, मंग पोरगी कॉलेजले घाली जाई, नि बाजारले मी."

एका पुलओव्हरचा इतका सरळ हिशेब मी कधी ऐकला नव्हता. शेठच्या बोर्डवरचा तो बर्फातला तरुण त्या बाईपुढे काहीच नाही.

"नाना, म्हणजे तुमचे मालक, केवढे आहेत?"

"तुम्हनाएवढाच. तुम्हीच घाली दखाडा."

मी घालून दाखवला. तिने मला पाठमोरा वळवलं, हात वर करायला लावले, काखेत बोट घालून शिवण ओढली. माझी परीक्षा माझ्यावरच. मग तिने तो गालाला लावला नाही. उलट्या हाताने चाचपला आणि विचारलं, "भाऊ, शेकोटीजवय बसनं तं काही व्हस का?"

या धंद्यात इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. शहरातल्या लोकांनी मशीनमध्ये धुतला तर चालेल का, इस्त्री चालेल का, अमुक हिरोने घातला होता तोच का, हे विचारलं. आग कोणाच्या डोक्यातच आली नाही. तिच्या आली, कारण तिच्या घरी सकाळ शेकोटीवर उजाडते. नाना कांद्याच्या रोपांना पाणी द्यायला जाण्याआधी तिथे हात शेकतात.

मी मराठी पुस्तकी बोललो. दुकानात मी अहिराणी बोलत नाही. शेठचं मत आहे की अहिराणी बोललं की गिऱ्हाईक घरचं होतं आणि भाव घरचा मागतं. मी म्हणालो, "काही होत नाही अक्का. आजकाल सगळे हेच घालतात."

बघा, यात खोटं काय आहे? सगळे हेच घालत होते. तिने मान हलवली आणि पुलओव्हर नेला.

त्याच महिन्यात पहाट मंडळाची ऑर्डर आली. सकाळी फिरायला जाणाऱ्या प्रतिष्ठितांचा हा गट. फिरण्यापेक्षा चहाला जास्त थांबतात, पण चालण्याचे बूट सगळ्यांकडे आहेत. प्रमुख बापू, निवृत्त इंजिनियर. त्यांना सगळ्यांसाठी सारखे निळे पुलओव्हर हवे होते, छातीवर मंडळाचं नाव. शेठ इतके खूश झाले की त्यांनी मला मंडळाच्या भरीत पार्टीला पाठवलं. "फोटो काढून आण. बोर्डवर आता आपली माणसं लावू."

शेतात निळं वर्तुळ बसलं. मध्ये आग. मी जरा लांब, फोन हातात.

"मागे सरका हो, वांगं दिसू द्या."

"तुम्ही सरका. तुम्हाला वांग्यातलं काय कळतं? तुमच्याकडे भरीत हॉटेलातून येतं."

"ओ बापू, तुमचं करपलं!"

"करपलं नाही भो, त्याला रंग आला. वांगं मेलं पाहिजे, पण त्याला कळलं नाही पाहिजे."

आणि तडतड. एकेक ठिणगी निळ्या छातीवर, बाहीवर, पोटावर बसत होती आणि विझत होती. मला दिसत होतं. मी फोटो काढत होतो. "जरा मागे बसा" इतकं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "जरा हसा."

सोमवारी सगळे दुकानात. निळ्या पुलओव्हरला भोकंच भोकं. कोणी म्हणे कसर लागली, कोणी म्हणे धोबी. बापूंनी इंजिनियरी डोकं चालवून धाग्याचा ताण वगैरे सांगितलं. मी गळ्यातला टेप नीट केला आणि हँगर मोजायला लागलो.

शेठ उठले. एक भोक बोटाने चाचपलं. आणि मग त्यांना सुचलं ते माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. "बापू, हे भोक नाही. ही भरिताची आठवण आहे. आठवण कोणी परत करतं का?"

रफू होईना, कारण वितळलेल्या कडेत सुई जात नव्हती. म्हणून सलीमभाईंच्या मशीनवर भरतकामाची छोटी छोटी वांगी करून घेतली, जांभळी, हिरव्या देठाची, आणि एकेका भोकावर एकेक शिवलं. मंडळ रुसून आलं होतं, मिरवत गेलं. महिन्याभरात गावात बोलणं सुरू झालं की ज्याच्या छातीवर वांगी जास्त तो भरितातला जुना जाणता. ज्याला एकच वांगं होतं तो कोपऱ्यात चालायला लागला. एका साहेबांनी न घातलेला नवाकोरा पुलओव्हर आणून हळूच विचारलं, "तीन-चार वांगी लावून मिळतील का? भोकाशिवाय?"

मिळाली. या वर्षी लुधियानाचा माल आला तो वांगी लावूनच आला. बोर्डवर बर्फातला तरुण गेला आणि बापू आले.

याच हंगामात, दुकान भरलेलं असताना, अक्का आल्या. मी ओळखलं. ओळखलं नाही असं दाखवायची तयारी करत होतो, तेवढ्यात त्या माझ्यासमोरच येऊन उभ्या राहिल्या.

"नाना बरे आहेत?" तोंडातून गेलं.

"बरा शेतस. हात वाकस नही."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, बाजारात भाव सांगावा तसं. सकाळची शेकोटी. नानांना पुढे वाकून लाकूड सारायची सवय. बाही पेटली नाही, पेटती तर त्यांनी झटकली असती. ती वितळली आणि मनगटाला बसली. ओढली तर कातडी आली. "डॉक्टरनी बाही कापी टाकी. आते म्हैसनं दूध मीच काढस. त्यास्नी मूठ वयस नही."

"आणि पुलओव्हर?" इतकं मूर्ख वाक्य माणूस का बोलतो, मला माहीत नाही. धंद्याची सवय असेल.

"वाया नही गया. थंडीमा पारडूना आंगवर टाकस."

शेतात, कॉलेजला, बाजाराला, आणि शेवटी म्हशीच्या पारडावर. शेठच्या बोर्डला हे कधी सुचलं नाही.

आजूबाजूला लोक वांगी मोजत होते. अक्कांनी ढिगाऱ्यातून एक पुलओव्हर उचलला, माझ्याकडे बघत उलट्या हाताने चाचपला, आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला.

"भाऊ, शेकोटीजवय बसनं तं काही व्हस का?"

शेठ गल्ल्यावरून बघत होते. बापू आरशासमोर होते. उत्तर तिला माहीत होतं. तिच्या घरात ते रोज म्हशीखाली बसताना तिच्या वाट्याला येत होतं. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं.

मी टेप काढला. गळा एकदम उघडा वाटला. राखाडी पुलओव्हरवरची तिन्ही भोकं, काळ्या कडक कडांची, तिच्यासमोर धरली.

"व्हस, अक्का," मी म्हणालो. "वितयस. आंगले चिकटी जास. माले पयलेच माहीत व्हतं."

बापूंनी आरशात स्वतःच्या छातीवरची वांगी बघितली. एकेक करून. मग हळूच माझ्याकडे वळले. "म्हणजे त्या दिवशी... तू फोटो काढत होतास!"

"हो."

दोन गिऱ्हाइकांनी पुलओव्हर परत ठेवले. मी शेठकडे बघितलं. आता नोकरी जाते, असं धरून होतो, खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. जावी.

शेठ म्हणाले, "अरे, मग सांगायचं ना! बोर्डवर एक ओळ टाकली असती, आगीपासून लांब ठेवा. कंपनीवाले लेबलवर टाकतातच बारीक अक्षरात. मी कधी तुला नको म्हणालो?"

मी आठवून बघितलं. मन लावून आठवलं. शेठनी संधिवात सांगितला होता, आठवणी विकल्या होत्या, वांगी लावली होती. पण आगीचं बोलू नको, असं ते कधीच म्हणाले नव्हते. तो नियम माझा होता. मीच केला, मीच पाळला, आणि मनात तो शेठच्या नावावर टाकून निवांत राहिलो. त्यांना खरंच माहीत नव्हतं की आत्ता सोयीने बोलत होते, ते मला आजही सांगता येत नाही. पण मला माहीत होतं, आणि मला विचारलं गेलं होतं.

अक्कांनी हातातला पुलओव्हर काउंटरवर ठेवला. मला वाटलं, जातात.

"एक दे," त्या म्हणाल्या. "वांगावाला नको. साधा दे."

"अक्का..."

"पोरगी नाशिकले शे आते, होस्टेलमा. तठे चूल नही नि शेकोटी नही. तिले चाली."

मी कापड घासून दाखवलं, फुंकर मारून दाखवली, हात सवयीने चालत होते. पिशवीत घालून दिला. त्यांनी पिशवी काखेत धरली, दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या. माझ्या हातात अजून तो टेप लोंबत होता.

"इतलंच तं इचारेल व्हतं मी," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरल्या.